दाविदाचे पाच गोटे

ख्रिस्ती शिकवणुकीत धैर्य म्हणजे भीती नसणे नव्हे. गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ झाला होता, ही गोष्ट मत्तय, मार्क आणि लूक तिघेही लपवत नाहीत. समोरचे दुःख टळावे म्हणून त्याने प्रार्थना केली, मित्रांना जवळ जागत राहायला सांगितले आणि ते झोपी गेले तरी उठून पुढे गेला. ज्या धर्माच्या गाभ्यात असा प्रसंग आहे, त्या धर्माच्या घरात तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘घाबरायचं नाही’ एवढाच धडा देणे अपुरे आहे. बहुधा ते चुकीचेही आहे. मूल घाबरतेच. घाबरणे म्हणजे पाप किंवा निदान कमीपणा असा अर्थ त्याने घेतला, तर ते घाबरण्याचे थांबत नाही, सांगण्याचे थांबते.

धैर्याचा विचार युरोपीय परंपरेत निदान ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे. त्याच्या मते भ्याडपणा आणि बेफिकीर धाडस यांच्या मधली जागा धैर्याची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तो विचार ख्रिस्ती चौकटीत आणला आणि एक महत्त्वाची भर घातली: धैर्याची मुख्य कृती चढाई नसून टिकून राहणे आहे. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, कारण भाषेतच ते आहे. धाडस माणूस ‘करतो’. धीर मात्र दिला जातो, धरला जातो, आणि कधी कधी सुटतोही. शिवाय धीर या एकाच शब्दात हिंमत आहे आणि सबुरीही. भुकेल्या मुलाला ‘जरा धीर धर’ म्हणणारी आई त्याला शूर व्हायला सांगत नसते, भात शिजेपर्यंत थांबायला सांगत असते. शाळेत जाण्याआधीच्या वयात मुलाला जे शिकवता येते ते धाडस नव्हे, हा धीर. आणि तो आधी कोणीतरी द्यावा लागतो.

धाडस आणि धीर यांतला फरक एकाच घरात पाहायचा तर टिळकांच्या घरात पाहावा. कवी नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. राजनांदगाव म्हणजे आजच्या छत्तीसगडात, रायपूरच्या पश्चिमेला दुर्गच्या पलीकडे. त्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. राजनांदगावात त्यांचे ते वाचन वाढत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे धाडस होते यात शंका नाही. पण त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लागली. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा होता, म्हणजे या लेखाचा विषय असलेल्या वयाचाच. पुढची जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई त्याला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, आणि १९०० मध्ये, स्वतःच्या मनाशी भांडून झाल्यावर, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या धाडसाचे कौतुक वाटते, पण पुस्तक उभे आहे ते लक्ष्मीबाईंच्या धीरावर. लहान मुलाने पाहिला असेल तोही तोच, कारण मूल ज्याच्यासोबत राहते त्याचे धैर्य शिकते.

घर हीच पहिली शाळा, ही कल्पना प्रोटेस्टंट परंपरेत जुनी आहे. मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती कुटुंबप्रमुखाने घरच्यांना साध्या रीतीने शिकवावी म्हणून. त्यानंतर शंभर वर्षांनी मोराव्हियातला बिशप कोमेनियस याने पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. १६३३ मध्ये ते जर्मनमध्ये निघाले. तीस वर्षांच्या युद्धात परागंदा झालेला, रोगराईत बायको-मुले गमावलेला हा माणूस सांगतो की आईच्या मांडीवरही सगळी शास्त्रे सुरू होतात: सूर्य-चंद्र ओळखणे हे खगोल, थोडे-जास्त कळणे हे गणित, आपले घर कुठे आहे हे कळणे हा भूगोल. पूर्वप्राथमिक कौशल्ये म्हणून आज ज्यांच्या याद्या केल्या जातात, त्यातले बरेचसे त्या पुस्तकात सापडते. जर्मन शिक्षक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला मुलांच्या खेळाची संस्था काढली, पुढे तिला किंडरगार्टन हे नाव दिले आणि १८४४ मध्ये आयांसाठी खेळगाण्यांचे पुस्तक केले. तो स्वतः पाद्र्याचा मुलगा, तरी १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणाच्या संशयावरून किंडरगार्टनवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली. मुलाला खेळू देणे काही लोकांना नेहमीच धर्मविरोधी वाटत आले आहे.

हे फ्रोबेलचे शिक्षण मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव पहिल्या रांगेत येते. त्यांचे स्वतःचे शिक्षण घरातच झालेले. आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनी पहाटे, घरकामाला जुंपून घेण्याआधी, त्यांना संस्कृत शिकवले. तेव्हा रमाबाई आठ वर्षांच्या आसपास होत्या, म्हणजे आजच्या हिशेबाने त्या बालवाडीच्या वयाच्या नव्हत्या. पण एका बाईने मुलीला घरी, प्रेमाने, तोंडी शिकवण्याचा तो नमुना पुढे कामाला आला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, तेव्हा ही पद्धत त्यांच्या शिक्षणयोजनेचा भाग होती. विधवांच्या आश्रमात किंडरगार्टन कशाला, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. रमाबाईंचे गणित सरळ होते: ज्या मुलीला लहान मुलांना शिकवता येते ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुलींना आणले आणि केडगावला मुक्ती सदन वाढवले. त्या मुलींना घाबरू नका असे सांगून भागणार नव्हते. त्यांना आधी जेवण, मग रोजचा ठरलेला क्रम, मग हाताला काम आणि अक्षर मिळाले. धीर देण्याचा हा क्रम तीन वर्षांच्या मुलालाही तसाच लागू पडतो, फक्त मोजमाप लहान होते.

असा धीर आज कुठे लागतो हे पाहायला रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर असलेल्या सिलतऱ्याला यावे. पूर्वीचे खेडे, आता स्पंज आयर्न, पोलाद आणि रोलिंग मिलचे औद्योगिक क्षेत्र. या भागाला ख्रिस्ती मिशन नवे नाही. तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात १८६८ मध्ये ऑस्कर लोर यांनी बिश्रामपूरचे मिशन सुरू केले होते. मराठीही नवी नाही. अठराव्या शतकापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि रायपुरात मराठी वस्ती त्यामुळे जुनी आहे. तरी सिलतऱ्यासारख्या ठिकाणी एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते, तेव्हा ते दोन्ही अंगांनी थोड्यांतले थोडे असते. गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, घरात मराठी. बाप रात्रपाळीला गेला की आई आणि मूल एकटे. रस्त्यावर ट्रकची धडधड, कारखान्याचे भोंगे, अधूनमधून गेलेली वीज. मुलाच्या भीतीला इथे कारणे शोधावी लागत नाहीत.

आणि याच घरात बायबलमधल्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. इथे खरा धार्मिक प्रश्न उभा राहतो.

रविवारच्या शाळेत सगळ्यांत आवडत्या गोष्टी सुटकेच्या असतात. दाविदाने गोफणीने गल्याथाला पाडले. दानीएलाला सिंहांनी खाल्ले नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीतून न होरपळता बाहेर आले. मूल यातून नियम काढते, कारण त्या वयात ते प्रत्येक गोष्टीतून नियम काढत असते: देवावर भरवसा ठेवला की काही होत नाही. मग एक दिवस ते आजारी पडते, प्रार्थना करूनही इंजेक्शन दुखते, किंवा आजी बरी होत नाही. नियम मोडतो. मोडलेल्या नियमाचा दोष मूल देवाला देत नाही, स्वतःला देते, कारण आपला भरवसाच कमी पडला असे त्याला वाटते. मोठी माणसेही असाच विचार करतात, मुलांना निदान वयाची सबब आहे.

यावर उपाय म्हणून सुटकेच्या गोष्टी टाळायचे कारण नाही. त्या नीट सांगायच्या आहेत. भट्टीच्या गोष्टीतले ते तिघे राजाला काय म्हणतात हे बहुतेक वेळा गाळले जाते: देव आम्हाला वाचवू शकतो, पण नाही वाचवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. गोष्टीचा कणा तिथे आहे. चार वर्षांच्या मुलाला ‘नाही वाचवले तरी’ हे पूर्ण कळत नाही, पण भट्टीत तिघांच्या सोबत चौथा कोणीतरी होता हे लगेच कळते. आग विझली नाही, सोबत आली. रात्री वीज गेल्यावर आई जे करते ते याहून वेगळे नसते. अंधार काढून टाकणे तिच्या हातात नसते, ती जवळ येऊन बसते. तेव्हा देव काही होऊ देणार नाही हे वचन देण्यापेक्षा देव सोबत आहे हे सांगणे शास्त्राला अधिक धरून आहे आणि मुलाच्या अनुभवाला अधिक पटणारे आहे. विश्वासासाठी स्तेफन दगडांच्या माराखाली मेला, ही गोष्ट या वयात सांगायची गरज नाही. पण तिच्या आड येईल असे काही आधी सांगून ठेवू नये, म्हणजे दहाव्या वर्षी ती ऐकताना मुलाला फसवले गेल्यासारखे वाटणार नाही.

या वयासाठी खरे तर मोठ्या योद्ध्यांपेक्षा लहान माणसांच्या गोष्टी अधिक कामाच्या आहेत. नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलेल्या भावाच्या पेटीवर दुरून लक्ष ठेवणारी मोशेची बहीण. नामान सेनापतीच्या घरची, परमुलखात पकडून आणलेली चिमुरडी, जिला औषध कुठे मिळेल हे माहीत होते आणि तिने ते सांगितले. सगळ्यांत उत्तम शमुवेलाची गोष्ट. मंदिरात रात्री झोपलेल्या मुलाला कोणी हाक मारते, ते उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावते. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जा झोप. असे तीनदा होते. एली एकदाही खेकसत नाही. लहान मूल रात्री तीनदा उठून आले तर घरात काय होते, हे ज्याचे त्याने आठवावे. ही गोष्ट मुलापेक्षा आई-बापांना अधिक शिकवते.

भीती घालून शिस्त लावण्याची सवय मराठी घरांत धर्म पाहून थांबत नाही. कुठे बागुलबुवा, कुठे पोलीस, कुठे सुई टोचणारा डॉक्टर. ख्रिस्ती घरात त्यात ‘येशू बघतोय हं’ याची भर पडते. जो सोबत आहे म्हणून धीर यावा, त्यालाच पहारेकरी केल्यावर संध्याकाळची प्रार्थना काय काम करणार? ही सवय सोडणे ही धैर्यशिक्षणाची पहिली पायरी आहे आणि ती शिकणाऱ्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे.

भीती कशी कमी होते याचे एक जुने उदाहरण मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांचाही न झालेल्या मुलाची सशाची भीती घालवली. त्याला आवडता खाऊ खायला बसवायचे आणि ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा. दिवसेंदिवस तो थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. समजूत घालून किंवा ‘अरे, साधा ससा तर आहे’ म्हणून हे झाले नसते. भोंग्याची भीती असलेल्या मुलासाठी हीच रीत घरी वापरता येते. भोंगा व्हायच्या वेळेला आधीच सांगून ठेवायचे, मांडीवर घेऊन दोघांनी मिळून आकडे मोजायचे आणि भोंगा कितीव्या आकड्याला थांबतो ते पाहायचे. असे रोज केले की मूल हळूहळू भोंग्याची वाटही पाहू लागू शकते. शिवाय त्याचे आकडेही पक्के होतात.

धैर्य आणि पूर्वप्राथमिक कौशल्ये ही एकाच वेळापत्रकातली दोन वेगळी कामे नाहीत. मणी ओवताना दोरा चुकतो, कात्री वाकडी जाते, पाटीवरचा ‘ग’ उलटा येतो. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी ही हार मुलाला रोज दहा वेळा पचवावी लागते. ती पचवण्याची सवय म्हणजेच धीर. म्हणून चुकलेले अक्षर पुसून ‘हे बघ असं’ म्हणत मुलाचा हात धरून गिरवून घेणारा पालक अक्षर देतो आणि धीर काढून घेतो. थोडे थांबावे, मुलाला पुन्हा करू द्यावे. स्वतः चुकल्यावर ‘अगंबाई, मीच मीठ विसरले’ असे मुलासमोर हसून म्हणणारी आई याबाबतीत कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगली शिक्षिका असते.

साधनांची चिंता करू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा महागडी मॉंटेसरी साधने सोडून खडे, शिंपले, पाने, बिया घेतल्या आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. घरात चिंचोके असतात, डाळी असतात, कणकेचा गोळा असतो. कणीक मळणाऱ्या बोटांनाच पुढे पेन्सिल धरता येते. मिसळलेल्या डाळी निवडणे हे वर्गीकरण, चपात्या मोजणे ही संख्या, आज-काल-उद्या सांगणे हे काळाचे भान. मराठी बालवाड्यांत ‘ग म भ न’ पासून अक्षरे सुरू करतात ती वळणाच्या सोयीने, आणि ती आधी मातीत, रव्यात किंवा राखेत बोटाने काढावीत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण असण्यावर भर दिला. तेव्हा चौथ्या वर्षी वही भरून घेण्याची घाई आता सरकारी नियमालाही धरून नाही.

बायबलमध्ये मोजायला पुष्कळ आहे: पाच भाकरी, दोन मासे, उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या, नव्याण्णव मेंढरे आणि हरवलेले एक. दाविदाने ओढ्यातून निवडून घेतलेले पाच गुळगुळीत गोटे तर चार वर्षांच्या हातात मावतात. ते मोजावेत, लहान-मोठे लावावेत, एक मारल्यावर किती उरले ते पाहावे. पण प्रत्येक गोष्टीला आकड्यांची वही जोडली की गोष्ट मरते आणि गणितही बेचव होते. बाकीच्या चार गोट्यांचे काय झाले, असे मुलाने विचारले तर उत्तर पुस्तकात नाही, आणि ते नाही हे मोकळेपणाने सांगावे. शौल राजाच्या चिलखताची दाविदाला सवय नव्हती म्हणून त्याने ते काढून ठेवले, हे मात्र आवर्जून सांगण्याजोगे आहे. दुसऱ्याच्या मापाची हिंमत अंगावर चढवता येत नाही. पुठ्ठ्याची ढाल-तलवार करून मुलांना देवाचे शिपाई बनवण्याची हस्तकला रविवारच्या शाळेत लोकप्रिय आहे. कापणे-चिकटवणे म्हणून ती ठीक, पण शिपायाला शत्रू लागतो, आणि चार वर्षांचे मूल तो शेजारच्या घरात शोधते. गल्लीतल्या गणपतीला आपण आरती का करत नाही असे त्याने विचारले, तर आपल्या घरी प्रार्थना अशी करतात आणि त्यांच्या घरी तशी, एवढे पुरते. मोदक खायला धैर्य लागत नाही, आणि नाही म्हणताना तुच्छताही लागत नाही.

एका ठिकाणी मात्र या वयातही धाडस शिकवावे लागते. मोठ्यांचे ऐकावे हे ख्रिस्ती घरात आज्ञेच्या जोराने सांगितले जाते, त्यामुळे एखादा मोठा माणूस नको तिथे हात लावू लागला तरी मूल गप्प बसते. शरीराच्या अवयवांची साधी नावे, ‘नको’ म्हणण्याची परवानगी, आणि कोणी ‘आईला सांगू नको’ म्हटले की तेच आधी आईला सांगायचे हा नियम, एवढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकवता येते. पाळक असो की काका, नियमाला अपवाद नाही. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक पालकांना पाठ असावा. एली शमुवेलाला सकाळी म्हणाला होता की देवाने सांगितलेले माझ्यापासून लपवू नकोस, आणि ते एलीच्याच घराविरुद्ध होते. मोठ्यांना न आवडणारे खरे बोलू देणारा मोठा माणूस घरात असला तर मुलाचे धाडस टिकते.

राहिली भाषा. भीती ज्या भाषेत वाटते त्याच भाषेत तिला नाव देता यावे लागते, म्हणून प्रार्थना आणि गोष्टी घरच्या मराठीतच व्हाव्यात. हिंदीची देवनागरी मूल शाळेत शिकेलच, छत्तीसगढी त्याला गल्ली शिकवेल. पण बाळ, फळ, जवळ आणि मेंढपाळ या शब्दांतला ‘ळ’ सिलतऱ्याच्या आसपासच्या हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात त्याच्या वाट्याला येत नाही. तो घरातच, रव्याच्या ताटात बोटाने गिरवावा लागतो.